ट्रॉली ओढल्यावर ऑटोमॅटिक गिअर धक्का का मारतो?

आजचा भाग माझ्याच गाडीचा.

गाळप हंगामात किल्लारीच्या काळ्या रानात आमची रिकामी ट्रॉली रुतली. ट्रॅक्टरची वाट बघायची सोडून मी ऑटोमॅटिक पिकअप जुंपली, अर्धा तास रेटत बसलो. दुसऱ्या दिवसापासून गिअर बदलताना पाठीत गुद्दा बसल्यागत धक्का! एका गॅरेजवाल्यानं बघताक्षणी सांगितलं, "गिअरबॉक्स खोलावा लागंल." खर्च ऐकून घामच फुटला.

आता बघा, होतं काय. ऑटोमॅटिकमध्ये इंजिनची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधल्या तेलातून पुढं जाते. गाडी जागेवर आणि इंजिन जोरात असलं, की ती ताकद तेल तापवण्यातच जाते. गिअर बदलताना क्लचप्लेटा दाबणारंही हेच तेल. साधारण ८०-९० अंशांवर ते सुखात असतं. १२० च्या वर झपाट्यानं खराब होतं. मग दाब चुकतो आणि धक्का बसतो.

म्हणून खोलण्याआधी चार गोष्टी बघा.

पहिली, धक्का कधी बसतो? गाडी तापल्यावरच बसत असेल तर संशय तेलावर आणि व्हॉल्व्हवर. थंड असतानाही डी किंवा आर टाकताच एकच 'ठक्क' येत असेल, तर इंजिन माउंटिंग आणि प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तपासा. ओढाताणीत तेही ढिले होतात.

दुसरी, तेल. लालसर असेल तर ठीक. तपकिरी, करपट वासाचं असेल तर बदला. बऱ्याच नव्या गाड्यांत डिपस्टिक नसते, पातळी ठरलेल्या तापमानाला लेव्हल प्लगमधून बघतात. चुंबकावर बारीक काळी भुकटी चालते. धातूचे कण दिसले तर मात्र नुसत्या तेलानं भागत नाही.

तिसरी, कुलर. जाळीत चिखल-पाचट अडकलं की तेल थंड होत नाही.

चौथी, स्कॅनर. फॉल्ट कोड आणि तेलाचं तापमान बघा. गाडी एकाच गिअरमध्ये अडकली असेल तर ती स्वतःला वाचवतेय.

माझ्या गाडीत काय निघालं? कुलरची जाळी पाचटानं गच्च, तेल तपकिरी, कण नाहीत. जाळी धुतली, पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचं तेल भरलं, स्कॅनरनं शिफ्टची शिकवण रीसेट केली. पुढच्या काही दिवसांत धक्का गेला.

तेव्हा ओढायचंच असेल तर मॅन्युअल मोडवर खालचा गिअर ठेवा, मधे थांबा, पार्कमध्ये इंजिन चालू ठेवून तेल थंड होऊ द्या. आणि ट्रॉली रुतली तर? ट्रॅक्टर बोलवा बाबांनो. भेटू पुढच्या भागात.