उरलेली भाकरी आणि तोंडाची चव

शेतकऱ्याच्या घरी स्वयंपाक होतो तो माणसे मोजून. परंतु मोजलेली माणसे वेळेवर जेवावयास येतातच असे नाही. करमाडच्या शिवारात कापसाची वेचणी भरात आली म्हणजे कोणी शेतावरच शेजाऱ्याच्या शिदोरीत जेवतो, कोणी शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या पाळीसाठी अडकून पडतो, तर बाजारास गेलेला एखादा तेथेच भजी खाऊन परततो. रात्री दुरडीत चार-पाच भाकरी आणि पातेल्यात वाटीभर वरण उरते. सकाळी चूल पेटविताना घरच्या बाईपुढे 'आज काय करावे' हा प्रश्न नसतो. 'हे जे आहे त्याचे काय करावे' हा असतो. त्याच वेळी एखादे मूल 'काहीतरी चमचमीत दे' म्हणून पदर धरून उभे राहिलेले असते. या दोन गोष्टींचा मेळ घालणे हेच आपल्याकडील रोजच्या स्वयंपाकाचे खरे कसब होय. पाककृतींच्या पुस्तकांत त्यास फारशी जागा मिळत नाही. कारण आदल्या रात्री काय उरेल याचे प्रमाण कोणालाच लिहून देता येत नाही.

करमाड हे छत्रपती संभाजीनगर–जालना मार्गावरील, मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गाचे स्थानक असलेले गाव. खरिपात बाजरी व रब्बीत ज्वारी ही या भागातील जुनी अन्नधान्ये. पुढे कापूस व मका यांनी बाजरीची बरीच जागा घेतली आणि शिधापत्रिकेवरील गहू व तांदूळ घरोघर पोहोचले. त्यामुळे दुरडीत आता भाकरीबरोबर पोळी उरते आणि पातेल्यात भातही उरतो. वरकरणी ही बाब क्षुल्लक वाटेल. परंतु शिळ्या भाकरीस जो नियम लागू पडतो तो शिळ्या भातास लागू पडत नाही, आणि हा फरक ज्या घरात माहीत नसतो तेथे काटकसर अंगाशी येण्याचा संभव असतो.

प्रथम भाकरीचा विचार करू. ज्वारी किंवा बाजरीच्या पिठात गव्हासारखा चिकट अंश नसतो. म्हणून पीठ गरम पाण्यात मळतात. उष्णतेने पिठातील पिष्टाचा काही भाग फुलतो आणि भाकरी थापता येते. तव्यावर व निखाऱ्यावर भाजताना हे पिष्ट आणखी फुलते. पण भाकरी थंड झाली की तेच पिष्ट पुन्हा घट्ट होऊ लागते व आपल्यातील पाणी सोडते. सकाळी भाकरी वातड लागते किंवा मोडली असता तिचा चुरा होतो, तो याच कारणाने. ती नासली असे नव्हे. पाण्याचा हबका व उष्णता मिळाली की ती पुष्कळशी मऊ होते. आजी-पणजी शिळ्या भाकरीवर पाणी शिंपडून ती तव्यावर झाकून ठेवीत, त्यामागचे शास्त्र हेच.

या भागात शिळ्या भाकरीचा सर्वांत आवडता प्रकार म्हणजे फोडणी दिलेला कुस्करा. चार भाकरींचा हाताने बारीक चुरा करावा, मिक्सरमध्ये घालू नये. तेथे त्याचे पीठ होते व खाताना घास लागत नाही. चुऱ्यावर अर्धी ते पाऊण वाटी ताक शिंपडून तो दहा मिनिटे झाकून ठेवावा. पुष्कळ घरी ही दहा मिनिटे वाचविली जातात आणि मग कुस्करा घशात अडकतो अशी तक्रार होते. कढईत दोन पळ्या तेल तापवून मोहरी, जिरे, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची व बारीक चिरलेला कांदा परतावा. कांदा तांबूस झाला की हळद, मीठ, मूठभर शेंगदाणे आणि शेवटी चुरा घालून मंद आचेवर दणदणीत वाफ आणावी. उतरविल्यावर लिंबू पिळावे व कोथिंबीर पेरावी. लिंबाचे महत्त्व केवळ चवीपुरते नाही, ते पुढे येईलच. ज्यांना हाही खटाटोप नको असतो ते भाकरी ताकात कुस्करून, मीठ व ठेचा लावून काला खातात. उन्हाळ्यात शेतावर निघण्यापूर्वी याहून चांगली न्याहारी सांगता येणार नाही.

वाटीभर उरलेल्या वरणाचे दोन मार्ग आहेत. घरात माणसे जास्त असतील तर त्यात पाणी, चिंच, गूळ व तिखट घालून उकळी आणावी आणि कणकेच्या लाटलेल्या पोळीचे शंकरपाळ्यासारखे तुकडे त्यात सोडावेत. यास मराठवाड्यात चकोल्या, इतरत्र वरणफळे म्हणतात. एका भांड्यात जेवण होते व भांडी घासण्याचे पाणीही वाचते, ही गोष्ट टँकरच्या दिवसांत लहान नव्हे. दुसरा मार्ग धपाट्याचा. ज्वारीचे पीठ, त्यात थोडी कणीक व बेसन, तीळ, ओवा, लसूण-मिरची असे एकत्र करून ते पाण्याऐवजी उरलेल्या वरणात भिजवावे आणि ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाकावे. धपाट्यात मेथीची उरलेली भाजी जाते, किसलेला दुधी जातो. ज्या भाजीकडे मुले पाहत नाहीत ती भाजीही धपाट्यातून नकळत पोटात जाते. घरातील गृहिणींना ही युक्ती शिकवावी लागत नाही. त्यांच्याकडूनच ती शिकण्यासारखी आहे. मात्र तृणधान्य व डाळ एकत्र आल्याने प्रथिनांचा दर्जा सुधारतो, ही बाब त्यांना आवर्जून सांगावी. ज्वारी-बाजरीत लायसिन हे आवश्यक अंग कमी असते आणि डाळीत ते पुरेसे असते. धपाट्यात ही उणीव आपोआप भरून निघते.

आता भाताविषयी. भात शिजताना तांदळावरील काही सूक्ष्म जंतूंची बीजुके मरत नाहीत. शिजलेला ओलसर भात उष्ण हवेत तसाच राहिला तर ती रुजतात, वाढतात आणि त्यांतील काही जाती असे विष तयार करतात की जे पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांवर जातो तेव्हा रात्रीचा भात सकाळपर्यंत उघड्यावर ठेवून 'फोडणी दिली की झाले' असे समजणे धोक्याचे आहे. उरलेला भात जेवण आटोपताच पसरट भांड्यात पसरून निववावा व दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावा. सकाळी वाफ येईपर्यंत गरम करून एकदाच संपवावा. शीतकपाट नसेल तर भात मोजकाच लावावा आणि उरला तर रात्रीच गुरांच्या आंबोणात द्यावा. आंबूस वास, तार सुटणे किंवा चिकटपणा दिसला तर तोही मोह टाळावा. भाकरी कोरडी असल्याने तिचा प्रश्न इतका बिकट नसतो. परंतु पावसाळ्यात तिच्यावर बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढाच भाग खुडून उरलेला खाण्याची चाल सोडून द्यावी, कारण बुरशीचे तंतू दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. चटणीच्या शेंगदाण्यांचेही असेच. काळपट, सुरकुतलेले व कडवट दाणे निवडून टाकावेत. त्यांतील बुरशीचे विष यकृतास घातक असते व भाजल्याने ते पुरते जात नाही.

कोरडे अन्न टिकते म्हणूनच ते प्रवासास निघते. सोलापूरकडील कडक भाकरी अनेक दिवस टिकते ती तिच्यातील पाणी पूर्णपणे आटविल्यामुळे. भाकरी किंवा पोळी, सोबत कोरडी चटणी आणि कांदा ही कष्टकऱ्याची शिदोरी सर्व प्रांतांत सारखीच आढळते. ८ मे २०२० रोजी पहाटे करमाडनजीक लोहमार्गावर थकून निजलेल्या सोळा मजुरांचा मालगाडीखाली मृत्यू झाला. टाळेबंदीमुळे काम बंद पडल्याने ते जालन्याहून मध्य प्रदेशातील आपल्या गावांकडे पायी निघाले होते. त्यांच्याजवळच्या पोळ्या रुळांवर विखुरल्या, त्याचे छायाचित्र साऱ्या देशाने पाहिले. करमाडच्या लोकांना शिदोरीचे महत्त्व दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज उरलेली नाही.

या परिसरातील वयोवृद्ध स्त्रियांच्या हाती जी काटकसर दिसते तिचे मूळ १९७२-७३ च्या दुष्काळात आहे. खडी फोडण्याच्या व तलावांच्या कामांवर त्या काळी सुकडी वाटली जाई, आणि परदेशातून आलेल्या मिलो नावाच्या तांबड्या ज्वारीच्या भाकरीवर असंख्य कुटुंबांनी दिवस काढले. तिच्या चवीची आठवण कोणी प्रेमाने काढीत नाही. पोट भरले तरी जीभ उपाशी राहते, हे त्या वर्षाने शिकविले. लसणाची एक पाकळी, चिमूटभर तीळ, वाळविलेल्या हरभऱ्याच्या पाल्याची भाजी यांनी तोंडास चव आणणे ही चैन नसून, कंटाळवाणे अन्न पुरेसे पोटात जावे यासाठी केलेला उपाय होता. त्याच मे १९७२ मध्ये परभणीस मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली होती.

तोंडाची इच्छा म्हणजे जिभेचे चोचले, असे म्हणून ती उडवून लावण्याची आपल्याकडे रीत आहे. मुलांच्या बाबतीत ते कधी कधी खरेही असते. परंतु काही इच्छा शरीराची तक्रार घेऊन येतात. गरोदरपणी चिंचेचे, आवळ्याचे डोहाळे लागतात त्यात काळजीचे काही नाही. मात्र एखादी सून चोरून माती, पाटीवरची पेन्सिल, राख किंवा कोरडे तांदूळ खात असेल तर ते डोहाळे म्हणून हसण्यावारी नेऊ नये. अशा खाण्याचा व अंगातील लोहाच्या कमतरतेचा संबंध वारंवार दिसून आलेला आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. ज्या घरात बाई सर्वांच्या शेवटी जेवते व उरलेले संपविते, त्या घरात 'अन्न वाया जात नाही' ही गोष्ट तिच्याच अंगावर भागविली जात नाही ना, हे पुरुषांनी एकदा पाहावे. उरलेले अन्न घरातील सर्वांच्या ताटात सारखे वाढले गेले पाहिजे. कुस्करा करावयाचा तो सर्वांसाठी. तिच्या एकटीसाठी नव्हे.

अशा स्त्रीस प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन रक्त तपासून घ्यावे. गरोदरपणी चौथ्या महिन्यापासून १८० दिवस लोह व फॉलिक अ‍ॅसिडची गोळी रोज एक याप्रमाणे शासनाकडून विनामूल्य दिली जाते. ती चुकवू नये. आहाराचे काम गोळीच्या जोडीने चालावयाचे असते, तिच्याऐवजी नव्हे. या दृष्टीने बाजरीचे स्थान मोठे आहे. शंभर ग्रॅम बाजरीत सुमारे सहा मिलिग्रॅम लोह असते, तर सडलेल्या तांदळात एक मिलिग्रॅमही नसते. मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या छत्रपती संभाजीनगर येथील केंद्राने एएचबी १२०० व एएचबी १२६९ ही अधिक लोहाची संकरित बाजरी विकसित केली आहे. पहिलीत दर किलोस ७३ व दुसरीत ९१ मिलिग्रॅम लोह आढळते, तर प्रचलित वाणांत ते ४५ ते ५० च्या आसपास असते. कापसाच्या रानात निदान घरापुरती पाच-सात गुंठे बाजरी पेरणाऱ्या शेतकऱ्याने बियाणे घेताना याची चौकशी करावी.

धान्यातील लोह अंगी लागण्यास मात्र आंबट पदार्थाची सोबत लागते. म्हणून कुस्कऱ्यावर लिंबू, भाकरीबरोबर आवळ्याची चटणी किंवा कच्ची कोथिंबीर असावी. याउलट जेवणावर लगेच घेतलेला चहा लोहाचे शोषण कमी करतो. चहा सोडा असे सांगून कोणी ऐकणार नाही. तेव्हा जेवण व चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे, एवढे सांगितले तरी पुरे.

बाजरीची एक अडचण प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. तिच्यात स्नेहांश इतर धान्यांपेक्षा अधिक असल्याने दळलेले पीठ लवकर कडू होते. महिन्याचे पीठ एकदम दळून आणण्याची सोय गव्हास चालते, बाजरीस नाही. आठवड्यापुरतेच दळावे; पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात, चुलीपासून दूर ठेवावे. पिठास कडू वास येऊ लागला की भाकरी करून मुलांच्या मनात बाजरीविषयी कायमचा तिटकारा उत्पन्न करण्यापेक्षा ते पीठ जनावरांस द्यावे. उन्हाळ्यापूर्वी साठ्यातील बाजरी उरली असेल तर तिच्या खारवड्या कराव्यात. बाजरी धुऊन, कापडावर अर्धवट वाळवून जाडसर भरडावी. उकळत्या पाण्यात मीठ, तीळ, जिरे, ठेचलेला लसूण व लाल तिखट घालून त्यात भरडा वैरावा; घाटा पळीवरून सुटेपर्यंत शिजवावा. सकाळी कोवळ्या उन्हात माळवदावर धुतलेले लुगडे अंथरून त्यावर लहान लहान खारवड्या घालाव्यात आणि दोन-तीन दिवस खडखडीत वाळवाव्यात. ओल राहिली तर वर्ष काढत नाहीत. पहिल्या दिवशी संध्याकाळी, वरून सुकलेल्या व आतून मऊ असलेल्या खारवड्या मुले माळवदावर बसून कच्च्या तेलाबरोबर खातात. तेवढ्या वाट्याचे धान्य आधीच जास्त भिजत घालावे.