चार्जर, केबल व पॉवर बँक : मोजून पारखण्याची सोपी रीत

बियाण्याची पिशवी घरीं आली म्हणजे जाणता शेतकरी तिच्यावरील छापील मजकुरावर विसंबून राहत नाहीं. शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून तो उगवण पाहतो आणि मगच पेरणीचें प्रमाण ठरवितो. डेअरींत दुधाचें फॅट आपल्यासमक्ष लागावें, कारखान्यावर उंसाचा वजनकांटा बिनचूक असावा, याविषयींही तो दक्ष असतो. परंतु तोच शेतकरी मोबाईलचा चार्जर किंवा पॉवर बँक विकत घेऊं लागला म्हणजे डब्यावरील आकडा वाचून मुकाट्यानें पैसे देतो. हा माल मोजून पाहतां येत नाहीं, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. ती खरी नाहीं. चार्जरमधून निघणारी वीज मोजण्याचा एक लहानसा कांटा मिळतो. त्यास यूएसबी टेस्टर म्हणतात. तो कसा वापरावा व त्यावरील आकड्यांचा अर्थ कसा लावावा, हें या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

विषय क्षुल्लक नाहीं. विहिरीवरील मोटार घरूनच चालू करणें, बाजारभाव पाहणें, हवामानाचा इशारा मिळविणें हीं कामें आतां मोबाईलवर होतात. महाराष्ट्रांत २०२१ सालापासून पिकाची नोंदही शेतकऱ्यानें ई-पीक पाहणीच्या द्वारें मोबाईलवरच करावयाची असते. ऐन वेळीं मोबाईल बंद पडला तर रात्रीं पाण्याची पाळी चुकते, किंवा नोंदीची मुदत टळून जाते. अशा वेळीं दोष बहुधा मोबाईलवरच ठेवला जातो. नवी बॅटरी घातली जाते, प्रसंगीं नवा मोबाईलही घेतला जातो. वास्तविक वीज मोबाईलपर्यंत पोंचविणारे दुवे निराळे आहेत. त्यांपैकीं कोणता कच्चा आहे हें डोळ्यांस दिसत नाहीं. तें मोजल्यावांचून कळत नाहीं. सबब आमचें सांगणें एवढेंच कीं, वस्तु टाकण्यापूर्वीं मोजावी आणि नवी घेतल्याबरोबर मोजावी.

टेस्टरची ओळख

टेस्टर अंगठ्याएवढा असतो. त्याच्या एका बाजूस चार्जरमध्यें बसणारें टोंक व दुसऱ्या बाजूस केबल बसविण्याची जागा असते. पाण्याच्या नळीवर मीटर बसवावा, तसा तो चार्जर व केबल यांच्यामध्यें बसतो आणि लहान पडद्यावर आकडे दाखवितो. अगदीं साधा टेस्टर व्होल्ट व अँपियर एवढेंच दाखवितो. त्याहून बरा असलेला वॅट, मिलिअँपियर-तास व वॅट-तास हेही दाखवितो. शेतकऱ्यानें दुसऱ्या जातीचा घ्यावा, कारण पॉवर बँकेची परीक्षा त्याशिवाय होत नाहीं. तसेंच जुन्या चपट्या आणि नव्या टाईप-सी अशा दोन्ही प्रकारच्या केबली ज्यावर बसतात, असाच टेस्टर निवडावा.

आकड्यांचा अर्थ पाण्याच्या उदाहरणानें सहज समजेल. उंच टाकींतील पाण्याचा जो दाब, तोच विजेचा व्होल्ट. नळींतून एका वेळीं जितकें पाणी वाहतें, तितका अँपियर. या दोहोंचा गुणाकार म्हणजे वॅट. कामाचा वेग त्यावरून कळतो. आणि टाकीमधून एकंदर किती काम निघालें, याची बेरीज म्हणजे वॅट-तास.

यूएसबीचा मूळ दाब ५ व्होल्ट आहे. भार पडल्यावरही तो चार्जरच्या तोंडाशीं ४.७५ च्या खालीं जाऊं नये. वरची मर्यादा पूर्वीं ५.२५ व्होल्ट होती. नव्या नियमांत ती ५.५ पर्यंत आहे. जलद चार्जिंगच्या चार्जरमध्यें मात्र मोबाईल व चार्जर यांची आपसांत बोलणी होऊन दाब वाढविला जातो. यूएसबी पॉवर डिलिव्हरी या पद्धतींत ५, ९, १५ व २० व्होल्ट अशा पायऱ्या आहेत. तेव्हां पडद्यावर ९ व्होल्ट दिसले तर घाबरण्याचें कारण नाहीं. मोबाईलनें मागितल्यावांचून चार्जर तो दाब देत नाहीं.

चार्जरची परीक्षा

चार्जरवर 'आउटपुट' या शब्दापुढें व्होल्ट व अँपियर छापलेले असतात. ते प्रथम वहींत उतरून घ्यावे. नंतर नुसता टेस्टर लावून भाराशिवाय दाब पाहावा. तो ५ व्होल्टांच्या आसपास असावा. पण एवढ्यावर समाधान मानूं नये. बैल दावणीला उभा असतांना त्याची ताकद कळत नाहीं. तो औताला जुंपावा लागतो. चार्जरलाही भार द्यावा लागतो. त्यासाठीं १ व २ अँपियरचें बटण असलेला लहान लोड मिळतो. तो टेस्टरच्या पुढें लावावा व पंधरा मिनिटें चालूं द्यावा.

छापील २ अँपियर खरोखर वाहत असून दाब ४.७५ वर टिकला, तर चार्जर खरा. प्रवाह एक-सव्वा अँपियरवर अडखळला, दाब ४.३ पर्यंत घसरला, किंवा चार्जर मध्येंच बंद पडूं लागला, तर लेबल खोटें समजावें. चार्जर हातीं धरवत नाहीं इतका तापला, तर तो आंकड्यांत उत्तीर्ण झाला तरी वापरूं नये.

येथें दोन सूचना आवश्यक आहेत. लोड हा सर्व वीज उष्णतेंत घालवितो, म्हणून तो फार तापतो. तो फरशीवर ठेवावा, कडब्याजवळ, कपड्यावर किंवा प्लॅस्टिकवर ठेवूं नये. आणि ५ व्होल्टांसाठीं केलेला साधा लोड ९ व्होल्टांवर लावूं नये. जलद चार्जिंगची परीक्षा मोबाईल लावूनच करावी. त्या वेळीं मोबाईलची बॅटरी निम्म्याहून कमी भरलेली असावी. बॅटरी भरत आली म्हणजे मोबाईल आपण होऊन प्रवाह कमी करतो, आणि तो चार्जरचा दोष आहे असा चुकीचा समज होतो. कांहीं कंपन्यांची जलद चार्जिंगची स्वतंत्र रीत असते. मध्यें टेस्टर घातला म्हणजे ती कधीं कधीं चालूच होत नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें.

केबलीची परीक्षा

तीन वस्तूंत सर्वांत स्वस्त वस्तु केबल, आणि दुर्लक्षही तिच्याकडेच अधिक. ठिबकची नळी बारीक व लांब असली म्हणजे शेवटच्या तोटीस पाणी कमी मिळतें. बारीक केबलीवरील मोटार घुमते पण उचलत नाहीं. तोच नियम येथें लागू आहे.

हिशेब करून पाहूं. अमेरिकन गेजप्रमाणें २८ नंबरच्या तांब्याच्या तारेचा व्यास सुमारें ०.३२ मिलिमीटर असतो व एक मीटर तारेचा रोध सुमारें ०.२१३ ओम भरतो. वीज एका तारेनें जाते व दुसरीनें परत येते, म्हणून एक मीटर केबलींत हा रोध दुप्पट, म्हणजे सुमारें ०.४३ ओम होतो. तींतून २ अँपियर वाहूं लागले कीं ०.८५ व्होल्ट वाटेंतच गळतात. चार्जरनें ५.१० व्होल्ट दिले, तर मोबाईलच्या तोंडाशीं ४.२५ पोंचतात, म्हणजे विजेचा सहावा हिस्सा केबल तापविण्यांत गेला. तीच केबल २४ नंबरच्या, म्हणजे सुमारें अर्धा मिलिमीटर जाडीच्या तारेची असेल, तर गळती ०.३४ व्होल्टांवर येते. केबलींत तांब्याऐवजीं ॲल्युमिनियम असेल, तर त्याच जाडीला रोध सुमारें दीडपटीहून अधिक होतो. शिवाय दाब उतरलेला पाहून मोबाईलही प्रवाह आवरता घेतो. त्यामुळें दोन तासांचें काम चार तासांवर जातें आणि दोष मात्र चार्जरच्या माथीं बसतो.

परीक्षा अशी करावी. प्रथम टेस्टर व लोड थेट चार्जरला लावून दाब लिहून घ्यावा. नंतर चार्जर व टेस्टर यांच्यामध्यें केबल घालून, त्याच लोडवर पुन्हां दाब पाहावा. दोहोंतील फरक म्हणजे केबलींतील गळती. त्या फरकास अँपियरनें भागिलें कीं रोध निघतो. घरांतील सर्व केबली एकाच चार्जरवर व एकाच लोडवर ओळीनें मोजाव्या; चांगली कोणती व टाकाऊ कोणती हें आपोआप दिसेल. मोजतांना केबल दोन्ही टोंकांशीं हळूच वांकवून पाहावी. आकडा उड्या मारूं लागला, तर आंतील तार तुटत आली आहे असें समजावें.

दाब वाढविला असतां गळतीचा हिस्सा कमी होतो. त्याच बारीक केबलींतून ९ व्होल्टांनीं २ अँपियर नेले, तर एकंदर १८ वॅटांपैकीं तोच १.७ वॅट गळतो, म्हणजे दहाव्या हिश्श्याहून कमी. गांवच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत वीज ११,००० व्होल्टांच्या वाहिनीनें आणण्याचें कारणही हेंच होय.

पॉवर बँकेची परीक्षा

सर्वांत अधिक फसवणूक याच वस्तूंत होते, आणि गैरसमजही येथेंच अधिक. पॉवर बँकेवर १०,००० मिलिअँपियर-तास छापलेले असतात. ते आंतील सेलच्या ३.७ व्होल्ट दाबाचे असतात, बाहेर येणाऱ्या ५ व्होल्टांचे नव्हत. म्हणून हिशेब वॅट-तासांतच करावा. १०,००० मिलिअँपियर-तास म्हणजे १० अँपियर-तास, त्यांस ३.७ नें गुणिलें कीं ३७ वॅट-तास झाले. तेच ५ व्होल्टांवर मांडले तर ७,४०० मिलिअँपियर-तास होतात. दाब वाढवितांना दहा ते वीस टक्के घट धरावी. मग हातीं सुमारें ५,९०० ते ६,७०० मिलिअँपियर-तास, म्हणजे ३० ते ३३ वॅट-तास उरतात. एवढें मिळालें तर माल प्रामाणिक आहे. १०,००० मिळाले नाहींत म्हणून दुकानदाराशीं भांडूं नये. ज्या मोबाईलची बॅटरी ५,००० मिलिअँपियर-तासांची आहे, तो अशा पॉवर बँकेनें एकदां पूर्ण भरून वर थोडी वीज उरेल. दोनदां भरणार नाहीं.

परंतु २०,००० छापलेल्या पॉवर बँकेनें ६,००० च दिले, तर आंत १०,००० चाच माल आहे हें उघड झालें. अशा वेळीं मात्र पावती व वहींतील नोंद घेऊन माल परत करावा.

मोजण्याची रीत सोपी आहे. पॉवर बँक पूर्ण भरावी. टेस्टरवरील बेरजेचा आकडा शून्य करावा. १ अँपियरचा लोड लावून ती स्वतः बंद पडेपर्यंत चालूं द्यावी आणि अखेरचा वॅट-तासांचा आकडा लिहून घ्यावा. १०,००० च्या पॉवर बँकेस यासाठीं सुमारें सहा तास लागतात. हें काम दिवसा, जवळ माणूस असतांना करावें. रात्रीं लावून झोंपूं नये. लोडाऐवजीं अगदीं लहान दिवा लावल्यास, प्रवाह फार कमी असल्यामुळें कांहीं पॉवर बँका आपण होऊन बंद होतात. तो त्यांचा दोष नव्हे.

हीच परीक्षा दर वर्षीं एकदां करावी. सेल जुने होतात तशी बेरीज उतरत जाते, आणि उष्णतेनें तर फारच लवकर. म्हणून वैशाखांत पॉवर बँक पत्र्याच्या शेडमध्यें किंवा ट्रॅक्टरवर उन्हांत ठेवूं नये. फुगलेली पॉवर बँक कधींही मोजूं नये व भरूंही नये. ती उकिरड्यांत किंवा विस्तवांत टाकणें धोक्याचें आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनीं जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकिली आहे. यास्तव ती संकलन केंद्रावरच द्यावी.

टेस्टर काय सांगत नाहीं

टेस्टर बाहेर येणारी वीज मोजतो. चार्जरच्या पोटांत काय आहे तें त्यास दिसत नाहीं. भिंतीकडील २३० व्होल्ट व मोबाईलकडील ५ व्होल्ट यांच्यामध्यें जें संरक्षण असावें लागतें, तें हलक्या चार्जरमध्यें अपुरें असूं शकतें, आणि तरीही पडद्यावर सुरेख ५ व्होल्ट दिसतील. म्हणून मोजण्यापूर्वीं भारतीय मानक ब्यूरोची खूण पाहावी. चार्जर व पॉवर बँक या दोहोंस नोंदणी सक्तीची आहे. 'आर' अक्षरानें सुरू होणारा नोंदणी क्रमांक वस्तूवर असतो व तो बीआयएस केअर या मोबाईल ॲपमध्यें पडताळतां येतो. क्रमांक सुरक्षिततेची साक्ष देतो, टेस्टर सामर्थ्याची. दोन्ही साक्षी जुळल्यावरच वस्तु घरांत ठेवावी.

शेवटीं एक सूचना. साधा टेस्टर कांहीं शंभर रुपयांत येतो, पण वर्षांतून दोन-चार वेळांच लागणारी वस्तु प्रत्येक घरीं असण्याची गरज नाहीं. गांवच्या सोसायटींत वजनकांटा असतो, तसा एक टेस्टर व एक लोड ठेवावा, शेजारीं एक वही ठेवावी, आणि सभासदानें वस्तूचें नांव, किंमत, छापील आकडा, मोजलेला आकडा व तारीख तींत लिहावी. दोन-तीन हंगामांत कोणाचा माल खरा व कोणाचा खोटा, याची त्या गांवापुरती खात्रीची यादी तयार होईल. जो माल गिऱ्हाईक मोजून घेतें, तो विकणारा दुकानदारही मोजून आणूं लागतो, हा बाजाराचा जुनाच नियम आहे.