भद्रावतीच्या बाजारात खाद्यफेरी हवीच

मोरोक्कोतल्या माराकेशचा जेमा एल-फना चौक लोक वाटाड्यासोबत खात-खात पाहतात. २००१ मध्ये युनेस्कोने तिथल्या परंपरेचा गौरव केला. मग विजासन लेणी, पार्श्वनाथ जैन मंदिर पाहायला आलेल्यांनी भद्रावतीचा बाजार न चाखता का जावं? “एवढ्याशा बाजाराला वाटाड्या कशाला?” असं कुणी म्हणेल. पण ‘सांबारवडी’ ऐकून बाहेरचा पाहुणा इडलीसोबतचं सांबार शोधतो. आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर! पातळ पारीत खसखस-खोबऱ्यासह परतलेली हिरवीगार कोथिंबीर, तळून खुसखुशीत, सोबत कढी. तर्री-पोह्यांवरच्या हरभऱ्याच्या लाल रश्श्याचंही तेच; तो किती ओतायचा हे कुणीतरी सांगावं लागतं. गर्दीने चव बिघडेल, ही भीती मात्र रास्त आहे. म्हणून एका वेळी पाच-सहा जणच न्यावेत, आणि वाढणं रोजचंच, रोजच्याच भावात असावं.