सकाळीं आठ वाजून दहा मिनिटांनीं

चहाचा पेला हातीं येण्यापूर्वीं रेडिओची कळ फिरविणारीं घरें आपल्याकडे एके काळीं पुष्कळ होतीं. कोणी दाढी करतांना, कोणी मुलांचे डबे भरतांना प्रादेशिक बातम्या ऐकावयाच्या, आणि त्या संपल्या कीं आपापल्या कामास लागावयाचें, असा तो परिपाठ. एखाद्या मंत्र्याला तोंडावर प्रश्न विचारावा, अशी जागा त्या दहा मिनिटांत नव्हती. इंग्लंडमध्यें मात्र बी.बी.सी.च्या 'टुडे' नामक प्रातःकालीन कार्यक्रमानें प्रश्न विचारणें हाच आपला मुख्य व्यवसाय केला. तो व्यवसाय कसा चालतो आणि त्याची किंमत कोणास काय द्यावी लागली, हें आज सांगण्याचें योजिलें आहे.

हा कार्यक्रम २८ ऑक्टोबर १९५७ रोजीं सुरू झाला, तेव्हां त्याचें रूप अगदींच सौम्य होतें. वीस वीस मिनिटांचे दोन भाग. त्यांत थोड्या प्रासंगिक वार्ता आणि थोड्या गमतीच्या हकिकती. १९५८ पासून १९७१ पर्यंत जॅक द मॅनियो हे त्याचे निवेदक होते. घड्याळ समोर असतांहि वेळ चुकीची सांगणें, ही त्यांची मोठी ख्याति! ज्याच्या भरंवशावर लोक गाडी गांठावयास निघतात, त्यानेंच वेळेचा घोळ घालावा, आणि तरीहि तो लोकांना प्रिय असावा, हें केवळ इंग्रजांच्याच घरीं शोभणारें आहे. पुढें त्या दशकांत राजकारण आंत शिरलें आणि कार्यक्रमाचा नूर पालटला.

आज सोमवार ते शुक्रवार सकाळीं सहापासून नऊपर्यंत तो चालतो. दोघे निवेदक आळीपाळीनें बोलतात. बातम्या, हवामान, खेळ, पावणेआठच्या सुमारास तीनएक मिनिटांचें एक धर्मपर चिंतन, आणि आठच्या बातम्या संपल्यावर, म्हणजे आठ वाजून दहा मिनिटांच्या सुमारास, दिवसांतली प्रमुख मुलाखत. हीच वेळ कां? त्या वेळीं माणसें जागीं झालेलीं असतात, पण कामाला पुरतीं लागलेलीं नसतात; पार्लमेंटचें कामकाज अद्यापि सुरू व्हावयाचें असतें. मंत्री जें उत्तर देईल तें दुपारच्या बातम्यांचा मथळा होतें.

ही मुलाखत बहुधा प्रत्यक्षच ध्वनिक्षेपित होते, आणि सारी मेख येथेंच आहे. आधीं मुद्रित केलेल्या मुलाखतींतून वीस मिनिटांचें बोलणें कापून दोन वाक्यें ठेवतां येतात. प्रत्यक्ष मुलाखतींत कोणाचाच शब्द कापला जात नाहीं. म्हणून पुष्कळ धूर्त राजकारणी उलट तीच पसंत करतात; त्यांचें म्हणणें निदान अखंड पोंचतें. पण तोंडून निसटलेला शब्द त्यांना मागें घेतां येत नाहीं, तसाच तो प्रश्नकर्त्यालाहि येत नाहीं.

१९८७ च्या अंदाजपत्रकानंतरचा एक प्रसंग प्रसिद्ध आहे. अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनीं निवेदक ब्रायन रेडहेड यांस, तुम्ही तर जन्मभर मजूर पक्षाचे, अशा अर्थाचा टोमणा मारला. माझें मत कोणाला जातें हें आपणांस ठाऊक आहे असें सुचविल्याबद्दल आपण माफी मागावी, आणि तोंवर एक मिनिट स्तब्ध राहूं या, असें रेडहेड यांनीं तेथल्या तेथें सुचविलें. वरवर पाहतां ही हजरजबाबी चकमक; पण तिच्याखालीं खरा तंटा होता. बी.बी.सी. मुख्यतः दूरचित्रवाणीच्या परवान्याच्या फीवर चालते. ती फी घरोघरचे लोक भरतात, पण ती किती असावी हें सरकार ठरवितें. ज्याच्या हातीं आपली शिदोरी, त्यालाच रोज सकाळीं खडसावून विचारावयाचें!

घरच्या धन्यालाहि हा कार्यक्रम सोडीत नाहीं. नोव्हेंबर २०१२ मध्यें बी.बी.सी.चे महासंचालक जॉर्ज एंटविसल यांना, त्यांच्याच संस्थेच्या दुसऱ्या एका कार्यक्रमाच्या गंभीर चुकीबद्दल, जॉन हम्फ्रिस यांनीं असें कांहीं विचारलें कीं, आपण तो कार्यक्रम पाहिलाच नव्हता, हें त्यांस कबूल करावें लागलें. त्याच दिवशीं रात्रीं त्यांनीं राजीनामा दिला. अधिकारावर येऊन त्यांस अवघे ५४ दिवस झाले होते.

परंतु जो दुसऱ्याला जाब विचारतो, त्याचें स्वतःचें वाक्य किती तोलून आलेलें असावें? २९ मे २००३ रोजीं सकाळीं सहा वाजून सात मिनिटांनीं वार्ताहर अँड्र्यू गिलिगन हे आपल्या घरूनच, हातीं लेखी मजकूर नसतां, निवेदकाशीं बोलत होते. इराकचीं संहारक शस्त्रें ४५ मिनिटांत सज्ज होऊं शकतात, असें सरकारी अहवालांत छापलें होतें. हा आंकडा चुकीचा आहे, हें तो छापण्यापूर्वींच सरकारला बहुधा ठाऊक होतें, असें ते बोलून गेले. त्यांच्या माहितीचा आधार होते संरक्षण खात्याचे शस्त्रतज्ज्ञ डॉ. डेव्हिड केली. पुढें केलींचें नांव बाहेर फुटलें, पार्लमेंटच्या समितीपुढें त्यांची उलटतपासणी झाली, आणि १८ जुलै रोजीं ते घराजवळच्या रानांत मृतावस्थेंत आढळले.

न्यायमूर्ति हटन यांचा चौकशी-अहवाल २८ जानेवारी २००४ रोजीं प्रसिद्ध झाला. सरकारवरील तो आरोप निराधार ठरला, बी.बी.सी.चे अध्यक्ष, महासंचालक आणि स्वतः गिलिगन असे तिघेहि दोनतीन दिवसांत पायउतार झाले. मात्र त्याच वर्षीं जुलैमध्यें लॉर्ड बटलर यांच्या समितीनें, तो ४५ मिनिटांचा दावा जसा छापला तसा छापावयास नको होता, असें म्हटलें. आणि इराकांत तीं शस्त्रें शेवटपर्यंत सांपडलीं नाहींत. हकिकतीच्या मुळाशीं तथ्य होतें. भोंवलें तें त्यांतलें एक वाक्य.

त्याच दिवशीं साडेसातनंतर गिलिगन यांनीं ती हकिकत पुन्हां सांगितली. या खेपेस ती कागदावर लिहून काढलेली होती, आणि तें वाक्य तींत नव्हतें.