पाकिटावरचे शिक्के

७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डचं खाकी पाकीट हातात आलं की बहुतेक जण घाईनं आतली रेकॉर्ड बाहेर काढतात. माझा हात पाकिटावरच रेंगाळतो. मधल्या गोल खिडकीच्या खाली किंवा एखाद्या कोपऱ्यात विकणाऱ्याचा जांभळा रबरी शिक्का उमटलेला असतो. काळबादेवी, ठाकूरद्वार, गिरगाव रोड, दादर, क्वचित पोयबावडी, परळ. त्याच्याच शेजारी घेणाऱ्याचं नाव, बोरूच्या वळणाच्या अक्षरात. लग्नात आहेर आला असेल तर तारीखही. गाणं कोणाचं आहे हे लेबल सांगतं, पण ते कोणाच्या घरात वाजलं हे पाकीट सांगतं. मुंबईत जुनी रेकॉर्ड विकत घेताना गाण्याबरोबर एक घरही पदरात पडतं, आणि या नादाची निम्मी गंमत तिथेच आहे असं माझं मत आहे.

शिक्के वाचायची सवय लागली की एक गोष्ट ध्यानात येते. ग्रामोफोन विकणारे नुसता ग्रामोफोन क्वचितच विकायचे. घड्याळं, सायकली, शिवणयंत्रं, हार्मोनियम आणि जोडीला रेकॉर्डी. ‘महाराष्ट्र वॉच अँड ग्रामोफोन कंपनी’ अशी पाटीच दादरने पाहिलेली आहे. यात नवल काही नाही. चावी देऊन फिरणारं यंत्र बिघडलं तर त्याची स्प्रिंग घड्याळजीलाच कळणार. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात टी. एस. रामचंद्र अँड ब्रदर्स या मुंबईच्या व्यापाऱ्यांनी तर ‘रामाग्राफ’ नावानं स्वतःच्या रेकॉर्डीही काढल्या होत्या. विलायती मालाला आव्हान पेढीवर बसणाऱ्या दुकानदारांनीही दिलं.

तो विलायती माल कसा यायचा, तेही सांगण्याजोगं आहे. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्याला आला आणि गौहरजानचं गाणं त्यानं मेणावर उतरवलं. ते मेण जर्मनीतल्या हॅनोव्हरला गेलं, तिथे तबकड्या छापल्या गेल्या आणि बोटीनं परत आल्या. छापणाऱ्यांना गाणं कुणाचं हे कळावं म्हणून गाणारी शेवटी आपलं नाव इंग्रजीत पुकारायची. तबकडी ज्या लाखेची व्हायची ती लाख मुख्यतः हिंदुस्थानातलीच. म्हणजे आपलीच लाख आणि आपलंच गाणं साता समुद्रापलीकडे जाऊन, तिथला भाव लावून घरी येत होतं. १९०८ मध्ये कलकत्त्यातच सियालदाला कारखाना निघाला तेव्हा हा फेरा थांबला. मुंबईला आपला कारखाना मिळायला १९३५ उजाडलं. वडाळ्याला नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी उभी राहिली आणि तिच्या रेकॉर्डींचं नाव होतं ‘यंग इंडिया’. मोठ्या नावाच्या गवयांना ‘हिज मास्टर्स व्हॉइस’नं, म्हणजे एचएमव्हीनं, आधीच बांधून ठेवलेलं, त्यामुळे यंग इंडियाकडे नवे, होतकरू, हौशी गळे आले. १९५५च्या सुमारास कंपनी आटोपली. तिच्या रेकॉर्डी आजही गठ्ठ्यातून निघतात आणि लेबलावरचं नाव कुणालाच ओळखीचं नसतं. मला त्या हव्याशा वाटतात त्या याच कारणानं. नामवंतांचं गाणं आता कुठेही ऐकता येतं. वडाळ्यात येऊन तीन मिनिटं गाऊन गेलेला आणि पुन्हा कधीच न ऐकू आलेला माणूस फक्त त्या एका तबकडीवर असतो.

तीन मिनिटं म्हणजे दहा इंची रेकॉर्डची एक बाजू, सव्वातीन म्हणा फार तर. बैठकीत तासभर राग मांडणाऱ्या गवयाला तेवढ्यात आलाप, बंदिश, ताना सगळं उरकायचं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीसच्या दशकातल्या ओडियन रेकॉर्डी ऐकताना हे उरकणं कुठे जाणवत नाही, हा त्या गळ्याचा चमत्कार. इतरांच्या बाबतीत शेवटच्या दहा सेकंदांतली धावपळ ऐकू येते, आणि तीही मला आवडते.

आता रेकॉर्ड पाहायची कशी? दुकानात वाजवून पाहायची सोय असेलच असं नाही, म्हणून डोळे आणि बोटं कामाला लावायची. रेकॉर्ड तळव्यांनी कडेला धरायची, उजेडाकडे तिरपी करायची. काळा रंग ओलसर चमकला तर सुई फार फिरलेली नाही. राखाडी पट्टा दिसला तर खोबणी घासून गेली, आणि हा पट्टा बहुधा जिथे गाणं चढतं नेमकं तिथेच असतो. मग मधल्या भोकात बोट घालून रेकॉर्ड लोंबती ठेवायची आणि कडेवर नखानं हलकी टिचकी मारायची. मडकं घेताना वाजवून पाहतात तसंच. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर डोळ्याला न दिसणारी चीर आहे. नंतर लेबल. एचएमव्हीचं आलुबुखाऱ्याच्या रंगाचं असेल आणि आकड्याआधी ‘एन’ असेल तर तो चालू भावातला माल. कोलंबियाचं हिरवं, त्यावर ‘जीई’. ट्विनचं पिवळं, त्यावर ‘एफटी’, म्हणजे एचएमव्हीच्याच घरातली स्वस्त आवृत्ती. शेवटी लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला बारीक आकडा. त्याच्या टोकाला १ आहे की २, हे पाहणारा माणूस पक्का बिघडलेला समजावा. कारण एकच पद गायकानं स्टुडिओत दोनदा गायलेलं असतं, आणि या माणसाला दोन्ही हवी असतात.

घासलेल्या रेकॉर्डीचा दोष गाणाऱ्याचा नव्हे, सुईचा. पोलादी सुई एका बाजूपुरती, वाजवून झाली की फेकायची, असं सुयांच्या डबीवर छापलेलं असे. पण चाळीत राहणारा कोणता कारकून सुई एकदा वापरून टाकून देईल? तीच सुई दहा-दहा बाजू ओढायची. गिरगावातून बाहेर पडलेल्या बालगंधर्वांच्या नाट्यपदांच्या रेकॉर्डी त्यामुळे अर्ध्या खरखरीच्या असतात. दादरच्या पारशी कॉलनीतून आलेलं बीथोव्हनचं मात्र नव्यासारखं निघतं. मला त्या खरखरीचा राग येत नाही. उलट फार स्वच्छ रेकॉर्ड दिसली की शंका येते, ही कुणाला आवडलीच नव्हती की काय?

लालबाग-परळच्या रेकॉर्डींची गोष्ट आणखी वेगळी. गिरणी कामगाराच्या खोलीत ग्रामोफोन असायचाच असं नाही. गाणं यायचं ते लाऊडस्पीकरवाल्याकडून. गणपती, सत्यनारायण, लग्न, युनियनची सभा. मंडपाच्या कोपऱ्यात कर्णा बांधला की सकाळच्या आरतीपासून रात्रीच्या सिनेमाच्या गाण्यांपर्यंत तोच मालक. त्याच्याकडच्या रेकॉर्डी लगेच ओळखू येतात. लेबलावर पांढऱ्या ऑइलपेंटनं मोठा आकडा घातलेला असतो, अंधारात पेटीतून हवी ती प्लेट हाताला लागावी म्हणून. पाकिटावर डेकोरेटरचा शिक्का, आणि खोबणीची तर दैना. शाहीर साबळे, शाहीर अमरशेख यांच्या रेकॉर्डी धड अवस्थेत मिळणं कठीण ते यामुळेच. त्या जपायला घेतलेल्याच नव्हत्या, गर्दीला ऐकवायला घेतल्या होत्या. एकाच लाऊडस्पीकरवाल्याचे आकडे वेगवेगळ्या दुकानांत सापडू लागले, की गाण्याची आवड बाजूला राहते आणि त्याची पेटी पुन्हा भरायचा नाद लागतो. माझ्याकडे अशी एक अर्धवट पेटी आहे. तीत पोवाडा आहे, लता आहे, कोळीगीत आहे आणि कुणाच्या फर्माइशीवरून घेतली असेल देव जाणे, एक हवाईयन गिटारची प्लेटही आहे.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि या वस्तीतून विकण्याजोगं जे काही होतं ते हळूहळू विकलं गेलं. त्याच सुमारास कॅसेट स्वस्त झाली. लाऊडस्पीकरवाल्यांनी पेट्या मोडीत काढल्या. कॅसेटबद्दल मला फार माया नाही हे कबूल करतो. आरत्यांच्या आणि पोवाड्यांच्या कॅसेटींनी गणपतीच्या आधी दादरचा बाजार फुलायचा, त्यांनी गाणं घरोघर नेलं, सगळं खरं. पण जुनी कॅसेट विकत घेऊन घरी आल्यावर तिच्यावर दुसरंच काही भरलेलं निघतं. सीडीबद्दल तर त्याहून कमी बोललेलं बरं.

नव्या मालाचं दुकान म्हणजे काळ्या घोड्याजवळचं ऱ्हिदम हाऊस. १९४८ पासूनचं. तिथे एकेकाळी ऐकण्याच्या काचेच्या खोल्या होत्या. रेकॉर्ड आत नेऊन ऐकायची, पसंत पडली तर घ्यायची. आधी ऐकून ठेवायची आणि पगार झाला की घ्यायची, अशा हिशेबानं येणारी गिऱ्हाइकंही त्यांनी सांभाळली. काउंटरवरच्या माणसापुढे अर्धी ओळ गुणगुणली तरी तो नेमक्या खणाकडे वळायचा, हे अनेकांनी अनुभवलंय. २९ फेब्रुवारी २०१६ला दुकान बंद झालं. निदान पुण्यतिथी तरी चार वर्षांनी एकदाच येते.

जुन्यासाठी मात्र मटन स्ट्रीट. चोरबाजारातली पक्की दुकानं शुक्रवारी बंद असतात आणि रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. जाणकार उजाडायच्या आत पोचतात, हातात बॅटरी घेऊन. विकणाऱ्याला गाण्यातलं फारसं कळत नसतं, पण गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यातलं सगळं कळतं. हवी ती रेकॉर्ड दिसली की चेहरा दगडाचा ठेवायचा आणि भाव दुसरीचाच विचारायचा. तोही कसलेला असतो. “सेठ, एक नहीं मिलेगी, पूरा गठ्ठा उठाओ.” मग एकीसाठी गठ्ठा घ्यावा लागतो आणि घरी आल्यावर बायकोच्या देखत सोडावा लागतो. ज्या एकीसाठी तो घेतला ती बऱ्याचदा फुटकी निघते. गठ्ठ्यात दडलेली जे. एल. रानड्यांची किंवा गोविंदराव जोशींची एखादी, जिच्याकडे लक्षही गेलेलं नसतं, ती महिनाभर वाजत राहते. यादी खिशात घेऊन जाणाऱ्याला हा बाजार काही देत नाही.

शोधाचा सगळ्यात मोठा किस्सा मात्र मुंबईत घडलेला नाही, मुंबईच्या गाण्याचा आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवायच्या सोनेरी तबकडीसाठी केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी सुचवण्यात आली. रेकॉर्डिंग आणि रेडिओ दोन्हींबाबत केसरबाईंचा हात कायम आखडता, त्यामुळे ती रेकॉर्ड मिळता मिळेना. तबकडीच्या कामात असलेल्या अॅन ड्रुयान यांना ती अखेर न्यूयॉर्कमध्ये सापडली, एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखाली ठेवलेल्या खोक्यात. जुम्मा बाजारात वाकून वाकून कंबर धरलेल्या माणसाला यात काहीच विशेष वाटत नाही. टेबलाखालीच असणार, आणखी कुठे? व्हॉयेजर-१ निघालं ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या.

या नादाला शिस्त लावणारी संस्थाही मुंबईतच निघाली. १९९० मध्ये मायकल किनियर यांच्या पुढाकारानं सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली, तिचा कारभार पाहिला डॉ. सुरेश चांदवणकरांनी. ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ, आणि हाताच्या बोटांना लाखेची काजळी. ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे संस्थेचं नियतकालिक १९९१ पासून निघू लागलं, त्यात लेबलं, आकडे, कंपन्यांचे पत्ते यांची नोंद होऊ लागली. यंग इंडियाची हकीकत आज कळते ती बरीचशी चांदवणकरांच्या लिखाणामुळे. सरकारी अभिलेखागारानं करायचं काम रविवारच्या सुटीत झालं.

आता रेकॉर्डींना पुन्हा दिवस आलेत. माहीमच्या रिव्हॉल्व्हर क्लबमध्ये पंचविशीतली मुलंमुली नवी कोरी रेकॉर्ड घेताना दिसतात. २०२४ मध्ये नवी मुंबईत रेकॉर्ड छापायचा कारखानाही सुरू झालाय; वडाळ्यापासून खाडी ओलांडली की झालं. चांगलं आहे. छपाई सुबक, आवाज स्वच्छ, किंमत मात्र अशी की गठ्ठा उचलायची पाळी कुणावर येत नाही. त्यांच्या पाकिटांवर अजून कुणाचं नाव नाही, त्याला वेळ लागेल.

इकडे जुन्याचा पुरवठा सध्या बरा आहे, कारण गिरगावात आणि परळ-लालबागला चाळी पडताहेत, टॉवर चढताहेत. बिऱ्हाड संक्रमण शिबिरात जाताना आजोबांचा ग्रामोफोन कुणी बरोबर नेत नाही. कोणत्या महिन्यात बाजारात नाट्यपदं वाढली, कोणत्या महिन्यात पोवाडे, यावरून कुठली वाडी रिकामी झाली याचा अंदाज बांधता येतो. मध्ये एकदा बालगंधर्वांच्या रेकॉर्डींची आख्खी चळत आली. सगळ्या पाकिटांवर एकच वळणदार सही होती. मी विकणाऱ्याला म्हटलं, “चाचा, माल कुठला?”

“गिरगाव.”

“गिरगावात कुठे? कुठली वाडी?”

त्यांनी चळत माझ्या हातातून अलगद काढून घेतली, पुन्हा नीट रचली आणि म्हणाले, “सेठ, वाडी बोल दी, तो अगला गठ्ठा लेने मेरे पास काय को आओगे?”