मूत्रपिंडातली गळती

दादाला तोंडाच्या कर्करोगासाठी रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिन चालू होतं. दुसऱ्या डोसनंतर त्याच्या पायांत गोळे येऊ लागले, हातांची बोटं आखडू लागली. रक्तातलं पोटॅशियम घसरलं होतं. तीन दिवस सलाइनमधून पोटॅशियम दिलं, तरी आकडा हलेना. शेवटी वॉर्डातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मॅग्नेशियम तपासायला लावलं. ते फारच कमी निघालं. ते भरून काढल्यावर पोटॅशियमही टिकू लागलं. हे कोडं उलगडावं म्हणून मी वाचायला बसलो.

सिस्प्लॅटिनच्या गाभ्यात प्लॅटिनमचा अणू असतो. १८४५ मध्ये तयार झालेला हा पदार्थ शतकभर रसायनशास्त्राच्या पुस्तकांतच पडून होता. पुढे मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासत होते. जिवाणू लांबत होते, पण त्यांचं विभाजन होईना. हा प्रताप विजेचा नव्हता. इलेक्ट्रोडमधून द्रावणात उतरलेल्या प्लॅटिनमचा होता. १९६५ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि १९७८ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

त्याची किंमत मूत्रपिंड मोजतं. औषध बाहेर टाकता टाकता ते नलिकांच्या पेशींत साचतं. गाळलेलं मॅग्नेशियम पुन्हा रक्तात घेण्याचं या नलिकांचं काम बिघडतं आणि ते लघवीवाटे निघून जातं. १९७९ मधल्या एका शोधनिबंधात ही गळती नोंदवलेली आहे.

आता पोटॅशियमचं. नलिकेतल्या पेशींमधून पोटॅशियम बाहेर पडण्याच्या वाटेवर मॅग्नेशियम बुचासारखं बसलेलं असतं. बूच निघालं की वरून कितीही ओता, खालून वाहतच राहतं. मॅग्नेशियम फार घटलं तर परावटू ग्रंथींचं संप्रेरकही नीट स्रवत नाही, कॅल्शियम उतरतं आणि बोटं आखडतात.

प्रौढ शरीरात मॅग्नेशियम सुमारे २५ ग्रॅम. त्यातलं १ टक्क्याहूनही कमी रक्तात. शिवाय नेहमीच्या इलेक्ट्रोलाइट तपासणीत सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड असतं. मॅग्नेशियम बहुधा वेगळं मागावं लागतं. आता अनेक ठिकाणी सिस्प्लॅटिनच्या सलाइनबरोबरच मॅग्नेशियम देतात. तरीही गळती उपचार संपल्यावर कित्येक महिने चालू राहू शकते.

दादाचे डोस संपलेत. तरी दर तपासणीच्या वेळी मी चिठ्ठी उघडून आधी तो एक शब्द शोधतो. नसला, तर डॉक्टरांना विचारतो, ‘मॅग्नेशियम लिहायचं राहिलं का?’