काजव्याचे मातीतले दिवस

काजवा ही माशी नव्हे. तो भुंगेऱ्यांच्या कुळातला कीटक आहे. जगात त्याच्या २००० हून अधिक जाती आहेत. सह्याद्रीत मे सरत आला आणि वळवाच्या सरी पडून गेल्या, की भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाचीच्या रानातले हिरडे, बेहडे, सादडे रात्री लुकलुकू लागतात. जूनमध्ये पाऊस लागून राहिला की हा बहर ओसरतो. प्रौढ काजव्याचे आयुष्य जेमतेम दोन-तीन आठवड्यांचे असते, आणि कित्येक जातींचे प्रौढ त्या काळात काही खातही नाहीत.

काजव्याचे खरे आयुष्य जाते ते अळीच्या रूपात, तेही जमिनीवर. मादी ओलसर मातीत किंवा शेवाळात अंडी घालते. त्यांतून निघणारी चपटी, खवल्याखवल्यांची अळी पालापाचोळ्याखाली कित्येक महिने, काही जातींत वर्ष-दोन वर्षे राहते. गोगलगायीने मागे सोडलेल्या चिकट रेषेचा माग काढत ती तिला गाठते, जबड्याने विष टोचून सुन्न करते, मग पाचक रस सोडून मांस पातळ करते आणि शोषून घेते. गोगलगायी भाजीचे वाफे फस्त करतात, हे लक्षात घेतले तर ही अळी बागायतदाराच्या किती कामाची आहे ते कळते.

काजव्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन हे द्रव्य असते. ल्युसिफरेज या विकराच्या मदतीने त्याचा ऑक्सिजनशी संयोग झाला की उजेड पडतो. त्यात उष्णता जवळजवळ नसतेच. अनेक जातींत नर उडता उडता ठरावीक लयीत चमकतो आणि गवतावर बसलेली मादी ठरावीक अंतराने उत्तर देते. अंगणातला पांढरा एलईडी रात्रभर जळत राहिला, तर हा संवाद त्या झगमगाटात बुडून जातो.

काजव्यांच्या अभ्यासक सारा लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये काजव्यांपुढील धोक्यांविषयी जगभरच्या तज्ज्ञांची मते एकत्र केली. अधिवास नष्ट होणे, कृत्रिम प्रकाश आणि कीटकनाशके हे त्यांत सर्वांत मोठे धोके ठरले. आपल्याकडे वणव्यांत पाचोळा आणि त्याखालचे जीव जळतात. शिवाय काजवे पाहायला आलेल्यांच्या गाड्यांचे दिवे, मोबाइलच्या विजेऱ्या आणि पायवाट सोडून पडणारी पावले यांचाही उपद्रव आहेच. जमिनीलगत बसलेली मादी अंधारात चालणाऱ्यांच्या सहज नजरेस पडत नाही आणि पायाखाली येते.

परसात करण्याजोगे बरेच आहे, आणि त्यातले पुष्कळसे न करण्याचेच आहे. झाडाखालचा पाचोळा झाडून पेटवू नये. एखादा कोपरा गवताला, ओल धरणाऱ्या दगडांना मोकळा सोडावा. गोगलगायींसाठी विषारी गोळ्या टाकू नयेत. बाहेरचा दिवा लागेल तेवढाच, खाली तोंड केलेला, पिवळसर असावा. कीटकनाशकही उठसूट फवारू नये. कडीपत्त्याची पाने कुरतडलेली दिसली, तर फवारा मारण्याआधी पान उलटसुलट करून पाहावे: पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा काळा-पांढरा ठिपका बहुधा फुलपाखराची कोवळी अळी असते.

काजव्यांच्या काही जातींत मादीला पंखच नसतात. अशा जाती एका परसातून नाहीशा झाल्या, तर दूरवरून उडून परत येत नाहीत. म्हणून ओढ्याकाठचे गवत, शेताचा बांध आणि कुंपणाची जुनी झाडी परसाला जोडलेली राहणे गरजेचे असते.